पहिलं वाचन टाकून द्या

दशांशरावांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक टेकेल इतके पुढे वाकले आणि मग खुर्चीत मागे रेलून खदाखदा हसले.

"अगं, इकडे ये. हा काय करतोय बघ."

मुलगी काचेची एक निगेटिव्ह दोन्ही तळव्यांमध्ये धरून पेटीतल्या खणात सरकवत होती. काच नीट बसली तेव्हाच ती उठून आली.

"काय करतोय?"

"काही नाही! तेच तर सांगतोय. प्रोग्रामचा हा एवढा मोठा तुकडा आहे ना, तो नुसता बसून राहतो. आकडे उलटे मोजतो, शून्यावर येतो आणि उठून पुढे चालायला लागतो. सासऱ्याच्या दुकानात नोकरीला लागलेला जावई असतो ना, तसा."

"कशासाठी बसतो?"

"ज्यानं लिहिलं त्याला डुलकी लागली असेल. अक्कल गहाण ठेवलेली माणसं ही."

मुलीनं पडद्याकडे पाहिलं. तिथे आकड्यांच्या आणि तुटक आज्ञांच्या रांगा होत्या. त्यातलं तिला काही कळत नव्हतं आणि कळतंय असा आव तिनं कधी आणला नव्हता. ती फडक्याला बोटं पुसत उभी राहिली. वडिलांचं हसू पुरतं ओसरल्यावर तिनं पुन्हा विचारलं.

"कशासाठी बसतो, बाबा?"

"काळं वाचन घ्यायच्या आधी बसतो," दशांशराव आता जरा सरळ बोलले. "का बसतो ते शोधावं लागेल. पण शोधण्यासारखं त्यात काही असेल असं मला वाटत नाही."

दशांशराव हे नाव त्यांना कारखान्यातल्या लोकांनी दिलेलं. समोरचा 'अडीच' म्हणाला की हे विचारायचे, "दोन पूर्णांक पाच, की दोन पूर्णांक पाच शून्य?" आणि उत्तर येईपर्यंत कीव केल्यासारखं बघत राहायचे. नाव ठेवलं होतं पाठीमागे, पण ते कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला नाही. त्यांना तो किताब वाटला. कारखान्यात स्कॅनर बनत. दिवा कधी लावायचा, मोटर किती सरकवायची, उजेड कधी मोजायचा हे ठरवणारा यंत्राच्या पोटातला प्रोग्राम यांचा. संगणकात राहून त्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, वरच्या मजल्यावरच्या मंडळींचा. "मेंदू खाली आणि तोंड वर," असं दशांशराव म्हणत, आणि ते स्वतः तळमजल्यावर बसत असल्यामुळे पुढचं काही सांगावं लागत नसे.

कारखाना बंद पडून बराच काळ लोटला होता. तो का बंद पडला, याची दशांशरावांकडे पक्की कारणं होती आणि त्या प्रत्येक कारणाला एकेक चेहरा होता. मालक मूर्ख, विक्रीवाले थापाडे, खरेदीवाले चोर, वरच्या मजल्यावरचे अर्धवट. स्वतःचा चेहरा त्या रांगेत त्यांना कुठे दिसला नव्हता. सामान मोडीत निघालं तेव्हा त्यांनी एक स्कॅनर उचलून घरी आणला, आणि मुलीनं स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा तो तिच्याकडे गेला.

मुलीचं काम म्हणजे जुन्या निगेटिव्ह साफ करणं, स्कॅन करणं आणि त्यांच्या नव्या प्रती काढणं. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर तिनं एका खिडकीची खोली घेतली होती. भिंतीला टेबल, टेबलावर उताण्या कपाटाएवढा स्कॅनर, कोपऱ्यात नळ आणि वाळत टाकलेली पांढरी फडकी. आजवर आली ती सगळी किरकोळ कामं. आता पहिल्यांदाच एका संस्थेनं तिच्याकडे काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या पाठवल्या होत्या. पानं, नेची, शेवाळं यांचे फोटो. त्यातल्या काही वनस्पती आता जगात कुठेच उरलेल्या नव्हत्या; ज्या दरीत त्या उगवायच्या ती दरी धरणाखाली गेली होती. नमुन्याचं काम पसंत पडलं तर सगळा संग्रह तिच्याकडे येणार होता. नाही पडलं, तर खोलीला कुलूप लावून पूर्वीच्या छपाईच्या कंपनीत परत जायचं, जिथल्या साहेबानं तिची खुर्ची अजून कोणाला दिली नव्हती आणि हे तो तिला अधूनमधून आठवणीनं कळवत असे.

पेट्या आल्या आणि त्याच आठवड्यात तिचा जुना संगणक जळला. नवा संगणक स्कॅनरला ओळखच दाखवेना. ड्रायव्हर जुना, तो बनवणारे पांगलेले, मूळ लिखाण कोणाकडे नाही. जळक्या संगणकातून तयार फाइल तेवढी हाती लागली. शिवलेला सदरा उसवत उसवत शिंप्यानं कापड कसं बेतलं होतं ते ओळखावं, तसं दशांशराव ती फाइल घेऊन बसले होते. उसवायचं, समजून घ्यायचं आणि नव्या संगणकासाठी नवा ड्रायव्हर शिवायचा. हे काम करू शकणारा माणूस सबंध शहरात दुसरा नव्हता, आणि हे मुलीला दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे.

सगळी गोम होती कॅलिब्रेशनमध्ये. स्कॅनरच्या पोटात उजेड मोजणाऱ्या पेशींची एक लांबच लांब ओळ असते आणि प्रत्येक पेशीचा स्वभाव वेगळा असतो. तोच उजेड एकीला जास्त वाटतो, दुसरीला कमी. म्हणून दर स्कॅनच्या आधी यंत्र दोन वाचनं घेतं. झाकणातला दिवा लावून काचेवरच्या रिकाम्या चौकटीतून बघायचं, ते पांढरं. दिवा विझवून बघायचं, ते काळं. मग या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक पेशीला तिच्या जागी बसवायचं. ही दोन्ही वाचनं यंत्र स्वतः घेऊन संगणकाकडे पाठवतं, आणि ती घेण्याची रीत दशांशरावांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली होती.

आता उसवलेल्या फाइलमध्ये त्यांना दिसत होतं ते असं. यंत्रानं पाठवलेलं काळं वाचन ड्रायव्हर घेतो. त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. सरळ टाकून देतो. मग नुसता बसून राहतो. आणि मग तेच वाचन यंत्राकडे पुन्हा मागतो.

"पहिल्यांदा काय वाईट होतं त्याला?" दशांशराव पडद्याला म्हणाले. "पण नाही. दोनदा विचारल्याशिवाय यांच्या डोक्यात प्रकाश पडेल तर ना."

हे कोणी लिहिलं असेल याचा त्यांना अंदाज आला होता. वरच्या मजल्यावर एक चष्मेवाली होती. शांत, खालच्या आवाजात बोलणारी. काही विचारायला खाली आली की प्रश्न विचारायची, उत्तर ऐकायची, वहीच्या कडेवर बोट फिरवत उभी राहायची आणि मग तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारायची. दशांशरावांनी तिच्यादेखत सगळ्यांना सांगितलं होतं की हिला एक कान देवानं उसना दिलाय.

घरी गेल्यावर त्यांनी हे सगळं पत्नीला रंगवून सांगितलं. ती कपडे घडी करत होती.

"अहो, चहा ठेवू?"

"मी काय सांगतोय, तू काय विचारतेस! तुमच्या बायकांच्या डोक्यात चहाशिवाय काही आहे की नाही?"

पत्नीनं एका चादरीची दोन टोकं जुळवली, मग चार, आणि चादर बाजूला ठेवली.

"चहा ठेवू?"

"ठेव," दशांशराव म्हणाले.

त्यांच्या मागच्या भिंतीवर कारखान्याचं सन्मानचिन्ह टांगलेलं होतं. पितळी पत्र्यावर कोरलेलं स्कॅनरचं चित्र आणि खाली दोन ओळी, की स्कॅनसाठी यंत्र तयार होण्याचा वेळ निम्म्यावर आणल्याबद्दल. पूर्वीच्या माणसानं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये यंत्र दर वेळी बराच वेळ रेंगाळायचं. दशांशरावांनी आल्या आल्या तो सगळा आळस छाटून टाकला होता. मोजून दाखवलं होतं. मालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कारखान्यातून मिळालेल्या वस्तूंपैकी ही एकच त्यांनी स्वतः पुसून चकचकीत ठेवलेली होती.

नवा ड्रायव्हर त्यांनी झपाट्यानं लिहिला. बसून राहणं काढून टाकलं. दुसरं वाचन काढून टाकलं. यंत्र पहिल्यांदा जे सांगेल ते प्रमाण. चाचणीला मुलीनं नेच्याच्या पानाची एक निगेटिव्ह लावली. झाकण बंद झालं, दिवा सरकला आणि पडद्यावर पान उमटलं, दातेरी कडांसकट, पाठीवरच्या ठिपक्यांसकट.

मुलगी नुसती बघत राहिली. मग तिनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जुन्यापेक्षा लवकर झालं."

"होणारच. मधला बैठकबहाद्दर हाकलला ना."

दोन दिवस ती स्कॅन करत राहिली आणि तिसऱ्या दिवशी संस्थेतून वनस्पतिशास्त्राच्या बाई नमुना बघायला आल्या. पिकलेले केस, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. त्यांनी खुर्ची नाकारली आणि छापलेल्या प्रती टेबलावर ओळीनं मांडून एकेक बघत गेल्या. पहिल्या प्रतीला मान डोलावली. दुसरीला डोलावली. चौथ्या-पाचव्या प्रतीवर भिंग थांबलं आणि तिथेच राहिलं.

"इकडच्या शिरा गेल्यात," त्या म्हणाल्या. "उजव्या बाजूला. काचेवर जिथे जास्त गडद आहे तिथलं सगळं पुसल्यासारखं झालंय."

"गेल्या नाहीत," दशांशराव कोपऱ्यातून म्हणाले. "नसतीलच."

"आहेत ना. या काचा मी कॉलेजात होते तेव्हापासून बघतेय. याच शिरांवरून हे झाड ओळखायचं. त्याच नसतील तर या फोटोचा उपयोग काय?"

"मग डोळे तपासून घ्या. वय झालं की डोळ्यांनाही कॅलिब्रेशन लागतं."

बाईंनी भिंगाचं झाकण मिटलं, प्रती एकावर एक रचून मुलीकडे दिल्या आणि मुलीशीच बोलल्या.

"शुक्रवारी पेट्या न्यायला माणूस पाठवते. तुमचे कष्ट दिसतात मला. पण यात ते झाड नाही."

त्या गेल्यावर दशांशराव बराच वेळ त्यांच्याबद्दल बोलत राहिले. भिंग गळ्यात बांधून कोणी शास्त्रज्ञ होत नाही. अशी माणसं संस्था चालवतात म्हणून संस्थांची ही दशा. मुलगी पाठमोरी उभी राहून प्रती पाकिटात घालत होती. पाकीट तिनं टेबलावर टेकवलं.

"बाबा, सकाळचा पहिला स्कॅन आणि संध्याकाळचा शेवटचा शेजारी ठेवून बघता?"

"आता तू शिकव मला."

पाकिटाचं तोंड तिनं चिकटवलं, त्यावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

"पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवून बघता?"

त्यांनी बघितलं, अर्थात कपाळाला आठी घालूनच. सकाळचा पहिला स्कॅन स्वच्छ होता. दुसऱ्यापासून उजव्या कडेच्या गडद भागात काहीतरी बुडायला लागलं होतं, आणि यंत्र जसजसं तापत गेलं तसतसं ते जास्त बुडत गेलं होतं. म्हातारीचे डोळे ठणठणीत होते.

मग दशांशरावांनी दोषी शोधायला घेतला. आधी काच खराब म्हणाले. मग पेशी म्हाताऱ्या झाल्या म्हणाले. मग खोलीला ओल आहे, मुलीनं यंत्र नीट ठेवलं नाही, असंही म्हणून झालं. मुलगी परत जाणाऱ्या पेट्यांसाठी पुठ्ठे आणायला बाहेर पडली आणि ऐकायला कोणी उरलं नाही, तेव्हा ते गुमान जुन्या फाइलपाशी परत गेले.

बसून राहणाऱ्या तुकड्याच्या वर आणखी एक छोटा तुकडा होता. तो त्यांनी आधी पाहिला होता, पण इतका क्षुल्लक वाटला होता की ओलांडून पुढे गेले होते. तिथे ड्रायव्हर यंत्राला एक प्रश्न विचारत होता. तुझ्या पोटातल्या प्रोग्रामची आवृत्ती कोणती? एका ठरावीक आकड्याच्या आतली असेल, तर पहिलंच काळं वाचन नीट घे आणि पुढे चल. तो आकडा किंवा त्याच्या पुढचा असेल, तर पहिलं वाचन टाकून दे, थांब आणि पुन्हा माग.

तो आकडा दशांशरावांना ओळखायला वेळ लागला नाही. माणसाला स्वतःची जन्मतारीख ओळखायला वेळ लागत नाही. त्यांनी लिहिलेली पहिली आवृत्ती त्याच आकड्याची होती.

म्हणजे आधीच्या त्या आळशी माणसाच्या वाचनावर वरच्या मजल्याचा विश्वास होता. अविश्वास होता तो फक्त यांच्यावर. दशांशरावांची कानशिलं तापली. त्यांनी घरी फोन लावला.

"ती चष्मेवाली आठवते का तुला? तिचा पत्ता कुठून मिळेल?"

"नंबर आहे की माझ्याकडे," पत्नी म्हणाली.

"तुझ्याकडे कसा?"

"तुमच्या तिथल्या सगळ्यांचेच आहेत. कोणीतरी बोलत राहायला नको का त्यांच्याशी?"

दशांशरावांनी नंबर घेतला आणि डोकं थंड व्हायच्या आत फिरवला.

"बोला सर," पलीकडून आवाज आला. तोच, खालच्या पट्टीतला. "वहिनींचा आत्ताच मेसेज आला, तुमचा फोन येईल म्हणून."

"त्या ड्रायव्हरमधला काळ्या वाचनाचा भाग तू लिहिलास का?"

"हो सर, मीच."

"भिकार आहे. माझं वाचन सरळ टाकून देतेस? कोणाला विचारून?"

तिनं विचारलं, "सर, मशीन समोर आहे का तुमच्या?"

"आहे."

"गरम आहे?"

"सकाळपासून चालू आहे."

"मग खिडकी लावून घ्या, झाकण उघडा आणि दिवा विझवून बघा. पडद्याकडे नका बघू. दिव्याकडे बघा."

हिच्या सांगण्यावरून आपण खिडकी लावतोय याचीच दशांशरावांना चीड आली, पण त्यांनी ती लावली. झाकण वर केलं. झाकणात नळीसारखा लांब दिवा पांढराफटक जळत होता. त्यांनी तो विझवला.

दिवा विझला, पण सगळा नाही. उजव्या टोकाला, जिथून तारा आत जातात, तिथे बोटभर फिकट उजेड तसाच राहिला, बटण बंद केल्यावर ट्यूबलाइटच्या पोटात रेंगाळतो तसा. तो हळूहळू मावळत गेला आणि अखेर खोली खरोखरच काळी झाली. पण ती तशी होईपर्यंत त्यांच्या प्रोग्रामनं काळं वाचन घेऊन, पाठवून, वर स्वतःची पाठही थोपटून घेतली असती. तेवढा रेंगाळता उजेड त्यानं काळोख समजून मोजला असता, आणि तेवढ्या शिरा प्रत्येक पानातून पुसून टाकल्या असत्या. सकाळच्या पहिल्या स्कॅनला दिवा अजून तापलेलाच नसतो, म्हणून तो एकटा स्वच्छ. आणि मालकांसमोर त्यांनी जे मोजून दाखवलं होतं, ते थंड यंत्रावर.

"दिसलं का, सर?"

"हलक्या दर्जाचे दिवे घेतले होते खरेदीवाल्यांनी," दशांशराव म्हणाले. "चोर साले. मी तेव्हाच सांगत होतो."

फोन गप्प झाला. तुटला नव्हता. पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, कोणीतरी लांबून कोणाला तरी हाक मारली. ती होती, आणि थांबली होती. दशांशरावांना अंधारात ते थांबणं ऐकू येत होतं. किती लांब होतं ते. आणि किती ओळखीचं.

"दिसलं का, सर?" तिनं विचारलं. तेच शब्द, तोच आवाज, जणू मध्ये कोणी काही बोललंच नव्हतं.

"दिसलं," दशांशराव म्हणाले.

त्यांनी खिडकी उघडली नाही. खुर्ची चाचपून बसले.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगायचं ठरलं होतं. कोणी सांगायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या आम्ही. माझं नाव निघालं." ती किंचित हसली. "आले होते मी खाली. दिवा विझला की अंधार होतो हे तुला शाळेत शिकवलं नाही का, असं म्हणालात. सगळे हसले होते."

"मग दुसऱ्यांदा विचारायचंस." वाक्य तोंडातून निघून गेल्यावर दशांशरावांना ते ऐकू आलं.

"विचारलं होतं. तेव्हा ते पितळी चिन्ह हातात घेऊन तुम्ही फोटोला निघाला होतात. मग मी वर गेले आणि ड्रायव्हरला थांबायला शिकवलं. ते सोपं होतं, सर."

"सगळ्यांना माहीत होतं हे?"

"तुम्ही आणि मशीन सोडून सगळ्यांना."

एरवी एवढ्यावर त्यांनी तिला उभी सोलली असती. शब्द आलेही होते ओठांवर, नेहमीचेच, वापरून गुळगुळीत झालेले. ते तसेच गिळून त्यांनी विचारलं, थांबायचं ते किती थांबायचं. तिनं सांगितलं. ते का तेवढंच, हेही सांगितलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "वहिनींना आठवण सांगा," आणि त्यांनी 'हो' म्हटलं.

मग त्यांनी खिडकी उघडली आणि नव्या ड्रायव्हरमध्ये ते बसून राहणं जसंच्या तसं घातलं. पहिलं वाचन टाकून द्या, थांबा, पुन्हा मागा. वेळ जरा सढळ हातानं धरलेला होता. त्यातून थोडा कापता आला असता. दशांशरावांचा हात त्या आकड्यापर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

मुलगी पुठ्ठे घेऊन आली तेव्हा दिवसभर तापलेल्या यंत्रातून नुकतीच एक प्रत निघाली होती. तिनं पुठ्ठे दाराशीच टाकले आणि प्रत खिडकीपाशी नेली. उजव्या कडेच्या गडद भागातून शिरांचं बारीक जाळं कडेपर्यंत गेलेलं होतं.

"आल्या," ती म्हणाली. मग तिनं प्रत उलटीसुलटी केली, पुन्हा बघितली. "बाबा, आल्या शिरा! काय होतं?"

"होतं काहीतरी."

"काय होतं?"

"यंत्र घाई करत होतं," दशांशराव म्हणाले.

तिला तेवढं पुरलं. तिनं काचा पुसायचं फडकं घेतलं, टेबल मोकळं केलं, स्कॅनरचं झाकण अलगद लावून टाकलं. तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल दिसत होता. खिडकीतून येणारं ऊन टेबलाच्या कडेवर आलं होतं.

"बाबा, त्या बाईंना एक फोन कराल? तुम्हीच बोललात तर बरं वाटेल त्यांना. नाहीतर शुक्रवारी त्या पेट्या नेतील."

"मी? त्या भिंगवालीला? दुसरी कामं नाहीत मला!"

निघून गेलं तोंडातून. सवयीनं, दिव्याच्या टोकाशी उजेड राहावा तसं. मुलगी एक रिकामी काच उचलून पुसायला लागली, एका कोपऱ्यापासून, सावकाश, गोल गोल. दशांशरावांनी आयुष्यात पहिल्यांदा ते पुसणं बघितलं. पाकिटावरून फिरणारा तो अंगठा. चादरीची जुळवलेली टोकं. वहीच्या कडेवरचं ते बोट. आपल्याभोवती इतकी वर्षं एवढी माणसं हातात काही ना काही घेऊन उभी होती, आणि आपल्याला वाटत होतं ती कामात आहेत. मंद आहेत असंही वाटत होतं.

काच पुसून होत आली. दशांशराव खुर्चीतून उठले. या वेळी उत्तर तयार होतं त्यांच्याकडे. 'दे नंबर.' आणखीही एक वाक्य जुळवलं होतं, बाईंना म्हणायचं. ते अवघड होतं, पण जुळलं होतं. आता तिनं विचारायचा अवकाश होता. त्यांनी हातसुद्धा थोडा पुढे केला, फोन घ्यायला सोपा जावा म्हणून.

मुलीनं काच उजेडात धरून बघितली आणि खणात ठेवली. मग स्वतःचा फोन काढला आणि खिडकीपाशी जाऊन लावला.

"बाई, मी बोलतेय. हो. सापडलं. नाही हो, तुमचं बरोबरच होतं, मशीनची चूक होती. बाबांनीच शोधून काढली." ती ऐकत राहिली. मग पाठ वळवून, आवाज जरा खाली आणून म्हणाली, "त्यांचं काय, ते तसंच बोलतात. तुम्ही मनावर नका घेऊ. आम्हीही घेत नाही."

पुढे केलेल्या हाताचं काय करावं ते दशांशरावांना कळेना. त्यांनी तो स्कॅनरच्या झाकणावर ठेवला आणि झाकण खाली दाबलं. ते आधीच बंद होतं.